चक्कर, अशक्तपणा, विश्रांती

अण्णा,

आधी काय झालं ते क्रमानं लिहिते. मधूनच सुरू केलेलं तुम्हाला चालायचं नाही.

१. मागच्या रविवारी दुपारी, कॉलेजजवळ भाड्यानं घेतलेल्या एका खोलीत तीन मुली दारू प्यायल्या. तिघी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. एकीचा दोन वर्षं अडकलेला गणिताचा पेपर सुटला होता, हे निमित्त.

२. जिचा पेपर सुटला ती पहिल्यांदाच पीत होती. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. ती इतर दोघींपेक्षा जास्त आणि फार भराभर प्यायली.

३. तीन वाजता ती गादीवर आडवी झाली. मैत्रिणींना वाटलं, झोपली.

४. तीन चाळीसला एका मैत्रिणीनं तिला हाक मारली, खांदा हलवला, दंडाला चिमटा काढला. ती जागी झाली नाही. हात गार होते. मैत्रिणीनं मोबाइलवर एक मिनिट लावून श्वास मोजले. सहा भरले.

५. मैत्रिणीनं ॲम्ब्युलन्सला फोन केला, मग मला. मी तेव्हा ड्यूटीवर होते.

६. ॲम्ब्युलन्स एकोणीस मिनिटांनी आली. तोपर्यंत मैत्रिणीनं तिला डाव्या कुशीवर धरून ठेवलं. चारच्या जरा आधी तिला उलटी झाली. ती बाहेर पडली. श्वासात गेली नाही.

७. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपल्या पायांनी दवाखान्यातून बाहेर पडली.

८. त्याच संध्याकाळी मी कॉलेजला आठवड्याचा अहवाल पाठवला. त्यात लिहिलं: ‘एक फोन आला. विद्यार्थिनीने शिकवल्याप्रमाणे प्रतिसाद दिला. रुग्ण सुखरूप.’

९. मंगळवारी प्राचार्यांनी मला बोलावून दोघींची नावं मागितली, जी प्यायली तिचं आणि जिनं फोन केला तिचं. येत्या सोमवारी अकरा वाजता समितीची बैठक आहे. नावं त्याआधी लेखी हवी आहेत. ती घरी कळवली जातील.

यातला आठवा मुद्दा सर्वस्वी माझा. ती ओळ कोणी मागितली नव्हती. पण फोन आला म्हणजे त्याची नोंद झाली पाहिजे, ही माझी सवय. आणि शिकवलेलं कामी आलं याचा मला आनंद झाला होता, तो कुठंतरी लिहायचाही होता. लिहिला, पाठवला, आणि दोन मुलींना अडचणीत आणलं. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. आज शुक्रवार, माझी सुट्टी. सकाळपासून दोनदा छावणी भागातल्या बाजारात जाऊन आले. पहिल्यांदा कोथिंबीर आणायला गेले आणि तशीच परत आले. दुसऱ्यांदा कोथिंबीर आणायलाच गेले आणि बल्ब घेऊन आले. खोलीतले सगळे बल्ब चालू आहेत. म्हणून मग टेबलाशी बसले आणि तुम्हाला विचारण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा मी कोर्सच्या पहिल्या वर्षाला होते. तो कोर्स पुरा झाला. तुम्ही ज्याला औरंगाबाद म्हणायचात त्याच शहरात, एका खाजगी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत मी टेक्निशियन आहे. गेल्या वर्षापासून आठवड्यातली एक दुपार कॉलेजांमध्ये शिकवायला जाते. विषय एकच: दारू पिऊन कोणी बेशुद्ध पडलं तर बरोबरच्यांनी काय करायचं. कॉलेजच्या फलकावर ‘दारू’ हा शब्द नको असतो, म्हणून फलकावर ‘आरोग्य जागृती’ लिहितात. मुलं शहाणी असतात. त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि मग मागच्या बाकांवर जागा उरत नाही.

“मॅडम, प्रॅक्टिकल आहे का?” दर वेळी कोणीतरी विचारतंच.

“आहे. तू इथं येऊन आडवा हो. बाकीचे तुला कुशीवर वळवतील.”

“बाटली तुम्ही देणार का आम्ही आणायची?”

मी हसत नाही. हसले तर तास हातातून जातो. त्यांचं हसून झालं की मी विचारते, आत्तापर्यंत असं झालं तेव्हा तुम्ही काय केलं? मग सुरू होतं. लिंबूपाणी. दही. कडक कॉफी. “गार पाण्याची बादली, मॅडम, डायरेक्ट डोक्यावर.” “दोघांनी धरून गच्चीवर चालवायचं.” “काही नाय करायचं, झोपू द्यायचं, सकाळी उतरती.” “बाहेरून कडी लावायची, म्हंजे ओनरला कळत नाय.” मी एकेक फळ्यावर लिहून घेते. सगळं लिहून झालं की एकेकावर फुली मारते आणि कारण सांगते. ज्याला नीट शुद्ध नाही त्याच्या तोंडात काही घालायचं नाही, ते श्वासात जातं. गार पाण्यानं आधीच गार पडलेलं अंग आणखी गार पडतं. चालवलं तर पडतो. आणि पिणं थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात चढतच राहते, म्हणून झोपला म्हणजे सुटला असं नाही. हाक मारायची, चिमटा काढायचा. जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठांहून कमी भरत असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, ओठ निळसर, अंग गार, यातलं एकही असेल तर ॲम्ब्युलन्स. ती येईपर्यंत कुशीवर. काय प्यायला, किती प्यायला, ते डॉक्टरांना खरं सांगायचं. आणि एकट्याला सोडून जायचं नाही. श्वास मोजायचे, अंदाज करायचा नाही, हे मी तीनदा सांगते.

दीड महिन्यापूर्वीच्या तासाला हे सगळं झाल्यावर एक मुलगी उभी राहिली. छावणीत राहणारी, शहरातली, बोलायला धीट.

“मॅडम, ते सगळं ठीक आहे. फोन केला तर नाव घरी जाईल का?”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. बादलीवाल्या मुलानं पेन उचललं. मला तेव्हा कळलं की आतापर्यंतचा तास त्यांच्या दृष्टीनं पोकळ होता आणि खरा प्रश्न हा होता. मला कॉलेजनं त्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. ‘मला माहीत नाही’ हे बरोबर उत्तर होतं.

“नाही,” मी म्हटलं. “माझ्याकडून नाही.”

तिनं मान हलवली आणि खाली बसून माझा नंबर लिहून घेतला. मागच्या रविवारी तीन चाळीसला फोन तिनंच केला.

प्राचार्य वाईट माणूस नाहीत. हे लिहिणं भाग आहे, कारण ते वाईट असते तर मला एवढं चालावं लागलं नसतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, मुलीची तब्येत विचारली. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही शब्द दिलात ते मला समजतं. पण माझ्या बाजूनं बघा. उद्या ती मुलगी परत प्यायली आणि तेव्हा कोणी श्वास मोजायला नसलं, तर तिचे वडील इथं, या खुर्चीत येऊन बसतील. विचारतील, तुम्हाला माहीत होतं ना? मी काय सांगू त्यांना?”

मी म्हटलं, “नावं गेली तर पुढच्या वेळी फोनच येणार नाही, सर.”

“तेही खरं आहे,” ते म्हणाले. “पण न आलेल्या फोनचा जाब मला कोणी विचारत नाही.”

मी चहा तसाच ठेवून उठले. त्यांनी ‘तुम्हाला माहीत होतं ना’ म्हटल्याबरोबर मला लासूर स्टेशनचा दवाखाना दिसला, आणि दारात उभ्या असलेल्या त्या वहिनी.

दवाखाना डॉक्टरसाहेबांचा, पण ते आठवड्यातले तीन दिवस शहरात असायचे आणि त्या दिवशी पट्टी, ताप, जुलाब, सगळं तुम्हीच बघायचात. गाव तुम्हाला कंपाउंडर म्हणत नव्हतं, घरी लेक म्हणते तसं अण्णाच म्हणायचं. तुमचं अक्षर तुम्हालाही वाचता यायचं नाही, म्हणून नववीच्या सुट्टीत डॉक्टरसाहेबांनी मला टेबलाशी बसवलं. मी रजिस्टर लिहायचे आणि चिठ्ठ्या लिहायचे. पहिल्याच आठवड्यात मला तिथला एक नियम कळला. दारू पिऊन आणलेल्या माणसापुढं दारू लिहायचं नाही. ‘चक्कर, अशक्तपणा’ लिहायचं. नुसती चक्कर म्हणजे चक्कर. नुसता अशक्तपणा म्हणजे अशक्तपणा. दोन्ही एकत्र म्हणजे दारू. हे तिघांना माहीत होतं: डॉक्टरसाहेबांना, तुम्हाला आणि मला. मला त्याचा अभिमान वाटायचा. कोणाची सोयरीक मोडू नये, कोणाचं मोंढ्यातलं, बाजार समितीतलं, काम जाऊ नये, म्हणून तुम्ही हे करायचात, आणि गावातल्या किती घरांची लाज त्या दोन शब्दांवर तरली होती ते मला रजिस्टर चाळताना दिसायचं. फक्त एक गोष्ट आपल्या तिघांच्याही लक्षात आली नाही. रजिस्टर दवाखान्यात राहायचं. चिठ्ठी घरी जायची, आणि घरच्यांना आपली खूण माहीत नव्हती.

एप्रिल आहे. मोंढ्यात कांद्याची गर्दी आहे. दुपारी एकच्या सुमाराला दोघं मित्र एकाला मोटरसायकलवर मधे घालून घेऊन येतात. तो मोंढ्यातला मापाडी, माल तोलणारा, बावीस-तेवीस वर्षांचा. तो बोलतो आहे, तुमचं नाव घेतो आहे, डोळे मधूनच मिटतो आहे. तुम्ही त्याची नाडी बघता, पापणी वर करता, त्याला बाकावर बसवता.

“अण्णा, चिठ्ठीवर तसलं काय लिहू नका बरं का,” मित्र म्हणतो. “सांच्याला पाव्हणे येऊ लागलेत याला बघायला. त्याच खुशीत घेतली येड्यानं.”

“मी लिहितो का रे कधी?”

“तसं नाय. पर वहिनी लई हुशार हाय त्याची. समदं वाचती.”

“वाचू दे. तू ऐक. याला कुशीवर निजवायचं. उताणा नाय. आन् एकटा सोडायचा नाय. काय सांगितलं?”

“कुशीवर.”

“आन्?”

“एकटा नाय सोडायचा. व्हय अण्णा, कळलं.”

मग तुम्ही माझ्याकडं वळता. “चक्कर, अशक्तपणा. विश्रांती.” मी लिहिते. तिन्ही शब्द एका ओळीत बसतील का, याकडं माझं लक्ष आहे. बसतात. तुम्ही आत्ता तोंडानं सांगितलेल्या दोन गोष्टी या कागदावर नाहीत, हे मला दिसतं का? दिसत असावं. मी काही विचारत नाही. कुशीवर निजवा, एकटं सोडू नका, असं लिहिलं तर हुशार वहिनीला कळेल, हेही मला समजत असावं. मी चिठ्ठी फाडून मित्राच्या हातात देते. माझं अक्षर त्या दिवशी फार छान आलं आहे.

पुढचं आपल्याला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. मित्रांनी त्याला दाराशी उतरवलं, चिठ्ठी वहिनींच्या हातात दिली आणि वहिनी काही विचारायच्या आत गाडीला किक मारली. वहिनींनी चिठ्ठी वाचली. त्याला आतल्या खोलीत नीट उताणं निजवलं, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, पंखा लावला, आणि पाव्हण्यांच्या आवाजानं झोपमोड नको म्हणून दार लोटून घेतलं. पाव्हणे आले. त्यांना सांगितलं, उन्हानं चक्कर आली आहे, आत्ताच दवाखान्यातून आणला, ही चिठ्ठी. पाव्हण्यांनीही चिठ्ठी वाचली. अक्षराचं कौतुक केलं म्हणे. चहा झाल्यावर त्याला उठवायला आत गेले. उलटी होऊन ती श्वासात गेली होती. तासभर तरी झाला असावा.

वहिनी चौदाव्या दिवशी आल्या. तुम्ही कात्र्या-चिमटे उकळत ठेवले होते. त्या दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत, चिठ्ठी हातात धरलेली.

“अण्णा, तुमी लिवलं व्हतं तसंच केलं आमी. आराम पडावा म्हून दार बी लोटलं. आमचं काय चुकलं?”

“नाय. तुमचं काही चुकलं नाय.”

“मंग असं कसं झालं?”

“त्याचं तेवढंच होतं,” तुम्ही म्हणालात.

त्यांनी चिठ्ठीची पहिल्यासारखी घडी घातली आणि पदराच्या गाठीला बांधली. त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्या कोणीतरी आपल्याला ‘नाही’ म्हणावं म्हणून आल्या होत्या आणि तुम्ही ते म्हणालात. घरी येताना रेल्वे फाटकाशी आपण थांबलो तेव्हा मी म्हटलं, “अण्णा, त्यांना सांगायला पाहिजे होतं.” तुम्ही रुळांकडं बघत म्हणालात, “काय सांगू? तुझ्या दिराला दारूनं नेलं, आन् तू दार लोटलंस म्हणून नेलं?” फाटक उघडल्यावर चार पावलं चालून तुम्ही पुढचं म्हणालात. “तू लिहिणारी आहेस. लिहिणाऱ्यानं मधे बोलायचं नसतं.” मला तुम्ही आयुष्यात मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. तेवढं एक वाक्य. दुसऱ्या दिवसापासून मी दवाखान्यात आले नाही, तुम्हीही बोलावलं नाही. पुढची तीन वर्षं आपण जेवण, परीक्षा, एसटीची वेळ एवढंच बोललो. कोर्सला निघाले तेव्हा स्टँडवर तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणालात, “सेकंदकाटा हाय याला.” मी ‘हो’ म्हटलं. त्या वर्षीच्या दिवाळीआधी तुम्ही गेलात.

म्हणून प्राचार्यांचं ऐकताना मला दोन्ही ऐकू येत होतं. झाकलेल्या गोष्टीनं एक माणूस मेलेला मी पाहिला आहे, आणि झाकण्याला माझा हात लागला आहे. आणि मागच्या रविवारी एक मुलगी वाचली ती मी झाकीन असं सांगितलं होतं म्हणून. मंगळवारी संध्याकाळी मी अहवालाचे दोन मसुदे केले, एक नावांसह, एक नावांशिवाय. दोन्ही शेजारी ठेवून वाचले. नावांचा जास्त नीटनेटका दिसत होता. ते मला अजिबात आवडलं नाही.

बुधवारी दोघी मला दवाखान्याच्या कँटीनमध्ये भेटायला आल्या. जी प्यायली होती ती गंगापूरच्या बाजूची. वडील ऊस लावतात. सगळ्या भावकीत इंजिनिअरिंगला आलेली ही पहिली मुलगी. चेहरा अजून फिका होता. छावणीवालीनं खुर्ची ओढली आणि बसायच्या आधीच सुरुवात केली.

“मॅडम, तुम्ही नावं देणार का?”

“अजून ठरलं नाही.”

“ठरलं नाही म्हणजे काय? मी तर त्याच भरोशावर फोन लावला ना. नाहीतर लिंबूच पिळत बसलो असतो आम्ही.”

“तुम्ही लिंबू पिळलं होतं?”

“पिळलं होतं. पाजलं नाही. तुम्ही फळ्यावर फुली मारली होती ना इतकी मोठी.”

दुसरी इतका वेळ ग्लासातल्या पाण्याकडं बघत होती. मग म्हणाली, “माझा बाप मारणार नाय, मॅडम. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो गप गाडी घेऊन येईन, सामान भरीन, आन् उन्हाळ्यात लग्न लावून देईन. आजपर्यंत भावकी त्याला म्हणत आली, पोरीला एवढी काऊन शिकवतो. त्यानं कुणाचं ऐकलं नाय. आता ऐकंन.”

“तुला काय वाटतं, काय करावं?”

“कॉलेजचं पत्र नको जायला. पत्र गेलं तर तो आधी पत्र वाचंन, मग माझ्याकडं बघंन. म्या सांगितलं तर आधी माझ्याकडं बघंन.” तिनं ग्लास बाजूला सारला. “रविवारी जाते घरी. सांगते. पण मला एकटीला नाय जमायचं. तुम्ही येता का संगं?”

“मी टेक्निशियन आहे,” मी म्हटलं.

“ते नाही विचारलं मॅडम तिनं,” छावणीवाली म्हणाली.

त्या गेल्यावर मी वॉर्डातल्या तीन रुग्णांचे श्वास मोजून आले, गरज नसताना. मग आईला फोन केला. ती अजून लासूरलाच असते. तिला मी कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, की त्या वहिनींचं पुढं काय झालं. आई म्हणाली, त्या वर्षभरानं माहेरी गेल्या, मग काही कळलं नाही. मग म्हणाली, “पर त्या पोराच्या मागून तुझ्या बापानं तसला एक माणूस बी एकटा घरी धाडला नाय.”

“म्हणजे?”

“म्हंजे काय? संगं जायचे त्याच्या. घरी जाऊन त्याच्या खाटंपाशी बसायचे, तो चांगला उठून पाणी मागंपर्यंत. कधी दोन तास, कधी चार. म्या भाकरी झाकून ठेवायचे. तुला ठावं नाय का?”

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही माझ्यासमोर यायला नको म्हणून उशिरा येता.

“आणि चिठ्ठीवर?” मी विचारलं.

“चिठ्ठीवर तेच की. चक्कर. ते कुठं बदललं?” आई म्हणाली. “तू तर तवा त्यांच्याशी बोलतच नव्हतीस, बाई. कोण सांगणार तुला?”

अण्णा, तुम्ही शब्द लिहिला नाहीत. पण त्यानंतर तुम्ही माणसाला कागदाच्या भरवशावर सोडलंही नाहीत. याला बरोबर म्हणायचं का, हे मला आजही सांगता येणार नाही. वहिनींना तुम्ही अखेरपर्यंत सांगितलं नाहीत, आणि ते मी तुम्हाला माफ केलेलं नाही. डॉक्टरांना खरं कळलं पाहिजे, घरात जो उशाशी बसणार त्याला कळलं पाहिजे, यात मी तसूभर हलणार नाही. पण शिक्षेसाठी मागितलेला कागद आणि जीव वाचवण्यासाठी लिहिलेला कागद हे दोन वेगळे आहेत, एवढं मला या चार दिवसांत उमगलं. आणि जो दुसरा देतो आणि पहिला देत नाही, त्यानं स्वतः उठून त्या घरी जायला पाहिजे, हेही.

आता एक कबूल करते. वर म्हटलं की तुम्हाला विचारण्यासाठी पत्र लिहायला घेतलं. नावं द्यायची की नाही हे विचारायचं असेल, असं तुम्हाला वाटलं असणार. अर्धं पत्र होईपर्यंत मीही तसंच लिहीत होते. पण तो अहवाल मी काल दुपारीच पाठवला. त्यात वेळा आहेत, किती प्यायली ते आहे, श्वास आहेत, उलटी आहे. नावं नाहीत. शेवटी लिहिलं आहे की नाव घरी जाणार नाही असा शब्द मी कॉलेजला न विचारता दिला होता, तो माझा आहे, आणि विद्यार्थिनी स्वतः घरी सांगणार आहे. सोमवारी बहुतेक मला शिकवायला येऊ नका म्हणतील. ‘मग पुढच्या वर्षीच्या मुली लिंबू पिळतील आणि पाजतील’ असं एक वाक्य लिहिलं होतं, ते खोडलं. ते भाकीत आहे, नोंद नाही. आणि काल संध्याकाळी मुलीला कळवलं, येते.

विचारायचं आहे ते वेगळंच आहे. तुम्ही त्या घरांत जाऊन बसायचात. घरचे म्हणत असतील, अण्णा, चक्करच आहे ना, तुम्ही कशाला खोळंबलात? तेव्हा तुम्ही काय सांगायचात? खोटं सांगायचात, की खरं, की नुसते बसून राहायचात? आईला ठाऊक नाही, मी तिला दोनदा विचारलं. परवा ओसरीवर पाय ठेवल्याबरोबर तिचे वडील मला तेच विचारतील, तुम्ही कोण आणि कशासाठी आलात. मला तासभर बोलता येतं, पण त्याला फळा लागतो आणि समोर अनोळखी पन्नास चेहरे लागतात. एका माणसाच्या घरात, त्याच्यासमोर, काही न मोजता बसायचं मला माहीत नाही. मी ते कधी केलेलं नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळतं. तरी लिहून ठेवते: गंगापूरची एसटी रविवारी सकाळी आठला आहे. उद्या, शनिवारी, संध्याकाळी सहापर्यंत कळवा.